गो, वेन्ट, गॉन

अकोल्याहून अमरावतीला निघालेल्या एसटीत मायाच्या शेजारी एक उंचपुरा तरुण येऊन बसला आणि मोबाइलमध्ये डोकं खुपसून पुटपुटू लागला, "गो... गोड... गोड..."

मायाला हसू आवरेना. ती अमरावतीच्या एका क्लासमध्ये इंग्रजी शिकवायची. चूक ऐकून गप्प बसणं तिला जमत नसे.

"वेन्ट," ती म्हणाली. "गो, वेन्ट, गॉन."

"वॉकचं वॉक्ड होते, मंग गोचं कावून नाही?"

"हट्टी आहे ते!"

"अस्सं! म्हंजे आमच्या बार्शीटाकळीचंच हाय."

त्याचं नाव सुगत. नांदगाव पेठच्या कापड कारखान्यात तो कामाला होता. कंपनीच्या कोइम्बतूरच्या कचेरीत मोठी जागा निघाली होती. मुलाखत मात्र इंग्रजीत.

मग दर सोमवारी दोघं एकाच गाडीने येऊ लागली. बाहेर तुरीला पिवळी फुलं लागलेली, आत काळांची उजळणी चाललेली. मूर्तिजापूरला गाडी थांबली, की तो उतरून गरम आलुबोंडे आणायचा.

"आधी सुरू झालं आणि अजून चालू आहे, त्याला हॅव बीन," मायाने एकदा समजावलं. "एक वाक्य करा."

त्याने बोटांवर शब्द जुळवले. "आय हॅव बीन लुकिंग ॲट यू सिन्स मूर्तिजापूर."

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "व्याकरण बरोबर आहे."

"अन् बाकीचं?"

माया खिडकीबाहेर पाहू लागली. ओठांवरचं हसू काही लपलं नाही.

पण घरी गेल्यावर जीव कासावीस व्हायचा. आपण जितकं नीट शिकवू, तितका हा लांब जाणार! एखादा धडा राहू द्यावा, असं मनात येई... आणि सोमवारी ती पुन्हा मनापासून शिकवी.

त्याची निवड झाली.

बडनेऱ्याच्या रेल्वे फलाटावर सुगतच्या हातात बॅग होती, नजर तिच्यावर.

"मॅडम, तुमी म्हनसान तं नाही जात मी."

'नको जाऊस' हे शब्द तिच्या अगदी ओठांवर आले. तिने ते गिळले.

"जा. एवढं शिकलास ते काय घरी बसायला? फक्त... आता मला मॅडम म्हणू नकोस."

"मंग?"

"माया म्हण."

"माया," तो म्हणाला. इतक्या हळू, की तिला ते ऐकू येण्याआधी दिसलं.

गाडी हलली. चारचौघांत तोलूनमापून बोलणारी माया डब्यासोबत धावू लागली.

"लवकर ये रे! मले करमत नाही तुह्याबिना!"

लोक वळून बघू लागले. बघेनात का! दारात उभा राहून तो हात हलवत होता, आणि शेवटचा डबा दिसेनासा झाला तरी तिचा हात वरच होता.