समोरच्या घराचा दिवा

भोपळ्यांच्या बाजारात त्या पांढऱ्या भोपळ्यावर आम्हा दोघांचे हात एकदमच पडले.

"मी आधी पाहिला," मी म्हणाले.

"आणि मी आधी धरला." तो हसला... आणि त्यानं हात सोडला. "घ्या तुम्ही. पण हॅलोविनला पांढरा भोपळा? घरात लग्न आहे का कुणाचं?"

आगाऊ कुठला! त्याच्या ट्रकवर एक बारा फुटी प्लास्टिकचा सांगाडा दोरीनं आवळून बांधला होता. हा मनुष्य मला अभिरुचीबद्दल शिकवणार!

संध्याकाळी तोच सांगाडा माझ्या घरासमोरच्या अंगणात उभा राहिला. एमेट त्या माणसाचं नाव. मी आठवड्यापूर्वीच बोस्टनहून आईच्या घरी परतले होते, त्यामुळे हा नवा शेजारी मला माहीतच नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो शिडी मागायला आला आणि माझ्याच दारावर मक्याची वाळकी ताटं बांधत बसला. पायऱ्यांवर राखाडी-पांढरे भोपळे, दाराला मेपलच्या पानांचं तोरण, आईचे पितळी कंदील.

"सुंदर आहे हं, ग्रेटा," तो म्हणाला. 'तुम्ही' कधी गळालं, कुणास ठाऊक. "पण इथं शिंक आली तरी माफी मागावीशी वाटेल."

"आणि तुझ्याकडे? जांभळे दिवे, भोंग्यातून लांडग्यांच्या आरोळ्या! घर आहे की जत्रा?"

"जत्रेलाच तर पोरं येतात."

ते मात्र मला लागलं. त्याला कळलं असावं, कारण त्यानं हातातला सुतळीचा गुंडा खाली ठेवला. मग मी सांगून टाकलं... आई गेल्यापासून तीन वर्षं हे घर बंद होतं. तिच्या वेळी हॅलोविनच्या रात्री गल्लीतलं एकूण एक पोर सोंग घेऊन चॉकलेटं मागायला इथं यायचं. यंदा कुणी आलंच नाही, तर घर विकायचं, दलालाचे कागद टेबलावर तयार आहेत.

"म्हणजे तू जाशील?"

"हो."

"हं," एवढंच म्हणून तो शिडीवर चढला. बराच वेळ उगाचच एक गाठ सोडत-बांधत होता.

एकतीस तारखेला सूर्य कलताच चेटकिणी, चाचे, पऱ्या बनलेली पोरं रस्त्यावर उतरली. मी कंदिलांत मेणबत्त्या लावल्या, चॉकलेटांचा वाडगा घेऊन दारामागे उभी राहिले. सगळी वरात एमेटकडे! तिथून निघालेली पोरं माझ्या फाटकाशी थबकत, वर बघत आणि पुढं जात. अर्धा तास झाला. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू?

तेवढ्यात समोरचे जांभळे दिवे विझले. लांडगेही गप्प. एमेट रस्ता ओलांडून धावत आला.

"वेडाबाई, ओसरीवरचा दिवा कुठाय तुझा?"

"तो पिवळा बल्ब? मेणबत्त्यांची सगळी शोभा जाते त्यानं, म्हणून..."

"दिवा बंद म्हणजे घर बंद! या गावात वाढलीस ना तू?"

देवा! तीन वर्षांत मी हेसुद्धा विसरले? मी आत हात घालून बटण दाबलं. तो भगभगीत, कुरूप बल्ब लागला आणि एक परी किंचाळली, "हे घर उघडलं!"

पुढचा तासभर आम्ही दोघं नुसते चॉकलेटं वाटत होतो. वाडगा रिकामा झाला, तेव्हा एमेट पायरी उतरून खाली गेला, वळून परत वर आला आणि त्यानं उघड्या दारावर टकटक केली.

"संपलं सगळं," मी म्हणाले.

"मी माझी जत्रा बंद करून आलोय. रिकाम्या हातानं पाठवू नकोस, ग्रेटा... आणि जाऊही नकोस. मला तू हवी आहेस इथं."

मी वाकून तो पांढरा भोपळा उचलला आणि त्याच्या हातात दिला.

"तूच आधी धरला होतास."

"पण हा याच पायरीवर शोभतो," तो हळूच म्हणाला.

"मग इथंच ठेव. आणि उद्या न्याहारीला ये, भोपळ्याचे पॅनकेक करते. टेबल तेवढं रिकामं करायला हवं, त्या दलालाचे कागद पडलेत त्याच्यावर."

"मी फाडू?"

"दोघं मिळून फाडू," मी म्हणाले. तो कुरूप बल्ब मी मालवला नाही.