एकशे बारा अर्ज बाद

“एकशे बारा अर्ज बाद आहेत,” वीज कंपनीच्या काउंटरवरचा कारकून म्हणाला. मान वर न करता!

माझं डोकंच फिरलं. दोन महिने शिलाई मशीन झाकून ठेवून मी उन्हातान्हात दारं ठोठावली होती. वॉर्डातल्या चारशे ग्राहकांनी सह्या दिल्या, तर वीज कंपनी त्याच तारांमधून आम्हाला वाऱ्याची आणि उन्हाची वीज देणार होती. आणि आमच्या वॉर्डाने कोळशाची वीज सोडली की गल्लीमागच्या, ती वीज बनवणाऱ्या जुन्या भट्टीशी कंपनीचा करार संपणार होता. त्या भट्टीची राख माझ्याकडे शिवायला आलेल्या पांढऱ्या कापडावर बसते, आणि आईच्या छातीतही. त्या दिवशी सोमवार, मुदत शुक्रवारपर्यंत, नाहीतर पुन्हा पाच वर्षांनी. आईला आणखी पाच वर्षं ती राख झेपणार नव्हती.

“बाद? का म्हणून?”

“मीटर ज्याच्या नावावर, सही त्याचीच हवी. इथे मुलांनी केल्यात, सुनांनी केल्यात...”

“कारण ती माणसं वारली आहेत! सह्या घ्यायला स्वर्गात जाऊ?”

तेव्हा कुठे त्याने वर पाहिलं. डोळे मात्र — जाऊ दे. रागावलेल्या बाईने असलं काही बघू नये.

“नाव बदलायचा एक पानी अर्ज असतो. मृत्यूचा दाखला जोडायचा.”

“आणि तो तुमच्या टेबलावर सहा महिने झोपणार!”

“माझ्या टेबलावर कुणी झोपत नाही,” तो म्हणाला.

शिष्ट मेला!

पण दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर तो नाव बदलायच्या अर्जांचा गठ्ठा घेऊन माझ्या दारात हजर. मग रोज संध्याकाळी आम्ही घरोघर. एक आजी काही केल्या ऐकेनात. “बिलावर सासऱ्यांचं नाव असलं की घरात कुणी मोठं आहे असं वाटतं गं!” मी चिडले. तो मात्र त्यांच्याजवळ बसून अर्धा तास सासऱ्यांच्या गोष्टी ऐकत राहिला. सही मिळाली. मला आणखीच राग आला... त्याचा की माझा, कोण जाणे.

“तुम्ही एवढ्या मोठ्याने का बोलता हो?” जिन्यात त्याने विचारलं.

“मशीनच्या आवाजात बोलायची सवय आहे.”

“मशीन तर बंद आहे.”

“तुम्ही चालू आहात ना!”

तो हसला. मी पायरी चुकले. त्याने कोपर धरलं आणि लगेच सोडलं... जरा जास्तच लगेच.

शुक्रवारी दुपारी मोजलं. तीनशे नव्व्याण्णव!

त्याने खिशातून घडी घातलेला अर्ज काढला. “एक राहिलाय. तुमचा.”

माझा? बिल हातात घेतलं. बाबांचं नाव. त्याच भट्टीवर कोळसा ओढून, खोकत खोकत गेलेले माझे बाबा. सगळ्या वॉर्डाला नावं बदलायला लावली मी, आणि स्वतःच्या घराचं बिल उलगडूनही पाहिलं नव्हतं.

“तुम्हाला सोमवारपासून माहीत होतं? आणि आत्ता सांगताय? दोन तास उरलेत!”

“तुम्ही ओरडलात तर चालतं मला,” तो हळूच म्हणाला. “रडलात तर... ते नसतं जमलं.”

“कर गं सही,” आई आतून म्हणाली. मध्येच खोकला आला, तरी तिने वाक्य पुरं केलं. “ते गेल्यापासून घर तूच चालवतेस.”

मी सही केली. डोळे भरून आले, तसा त्याने अर्ज झटकन बाजूला ओढला.

“कागदाची काळजी वाटते तुम्हाला!” मी हुंदक्यातही ओरडले.

“आज कागदाची. उद्यापासून तुमची,” तो म्हणाला आणि सायकलवरून सुटला.

पाच वाजता शिक्क्याची पोच घेऊन परत आला. चारशे, मंजूर. आईने पोच दोनदा वाचली आणि पदराने चष्मा पुसला. तो दारातच घुटमळला.

“माझं इथलं काम संपलं. आता कुठल्या निमित्ताने यायचं...”

“निमित्त लागतं तुला?” मी भडकले. “चार दिवस डोकं खाल्लंस, सगळी गल्ली खिशात घातलीस, आणि आता निमित्त? उद्या आला नाहीस ना, तर तुझ्या ऑफिसात येईन, आणि सगळ्यांसमोर ओरडून सांगेन, माझं तुझ्यावर प्रेम आहे म्हणून!”

आत आई चक्क हसली. तो कानापर्यंत लाल झाला होता.

“मग उद्या मी येत नाही,” तो म्हणाला.