रोटाचे चार दिवस

"मी त्यांना फक्त कपभर दूध दिलं हो," भूमिका म्हणाली. "आणि सासूबाई गावभर सांगतात, मी विष घातलं."

खासगी गुप्तहेर हेमलता बोरोले यांच्या जळगावच्या कचेरीत एरवी लग्नाआधीच्या चौकशा येत. खून क्वचितच.

"दूध दिलं नि तासाभरात गेला. सरळ आहे की!" हेमलताचे मदतनीस, निवृत्त हवालदार ईश्वरभाऊ पुटपुटले. सरळ गोष्टींवर त्यांचा फार जीव.

भूमिकेचा नवरा तेजस एकतीस वर्षांचा. कण्याचा संधिवात. मागून हाक मारली तर मान न वळवता अख्खा वळायचा. जळगावच्या आयुर्वेद डॉक्टरीणबाईंनी एरंडेल, बस्ती, पथ्य चालू केलं. सात महिन्यांत सकाळचा ताठरपणा थोडा उतरला. घरच्यांना थोडं नको होतं. आईनं मगन वैद्याच्या पुड्या आणल्या आणि तिसऱ्या दिवशी तेजस मोटरसायकलवर बसला.

"वर्षभर छान होते," भूमिका म्हणाली. "चेहरा गोल झाला होता. फक्त जरा काही लागलं की हात काळानिळा पडायचा."

पारोळ्याजवळच्या त्यांच्या गावात श्रावणातली कानबाई देवी नुकतीच बोळवली होती; तिच्या प्रसादाच्या जाड पोळ्या, म्हणजे रोट, घराघरांत संपले होते. तेजसची आई बेबाबाई भिंतीला टेकून बसली होती.

"कानबाईना रोट घरमा शेतस, तवलोंग दुसरं काहीच तोंडमा घालानं नही. चार दिन मन्हा पोऱ्यानी पाळं. दोन दिन उलट्या व्हयन्यात, उठता बी ये ना, तरी पाळं. मंग इनी दूधमा इख पाजं!"

फळीवर पुड्यांचा डबा होता. हेमलतानं एक पुडी पर्समध्ये टाकली.

मगन वैद्य ऐटीत होता. "सुंठ, रास्ना, गुग्गुळ. दुसरं काही नाही."

"पुड्या चार दिवस चुकल्या तर?"

त्याचा रंगच उडाला. "छे! एक दिवससुद्धा सोडायच्या नाहीत!"

"घरच्यांना हे सांगितलं होतं?"

तो पुड्या आवरायला लागला.

आठवड्यानं हेमलता पुन्हा बेबाबाईंपुढे बसली. भूमिका दाराशी उभी होती.

"दुधात विष नव्हतं, शवविच्छेदनातही नाही. सुंठ-गुग्गुळ चार दिवस चुकलं म्हणून कोणी मरत नाही. मग वैद्य घाबरला का? ताठलेला कणा तीन दिवसांत सुटतो, चेहरा गोल होतो, जरा धक्क्यानं कातडी निळी पडते. ही सगळी स्टेरॉइडची लक्षणं. पुडी तपासून घेतली. त्यात तेच निघालं. वर्षभर घेतलं की शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं सोडून देतं. एकदम बंद केलं की उलट्या, अशक्तपणा, शेवटी रक्तदाब कोसळतो."

"पण बंद कोणी केलं?" ईश्वरभाऊंनी विचारलं आणि विचारताक्षणी त्यांनाच कळलं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

रोटाशिवाय काहीच नाही. पुडीसुद्धा नाही.

"वैद्यावर गुन्हा दाखल झालाय, अक्का," हेमलता हळू म्हणाली. "तुम्हाला ठाऊक नव्हतं."

"पन पुड्या ते मीच बंद कऱ्यात ना."

 बेबाबाईनं सुनेकडे पाहिलं. त्या नजरेत आता रागही नव्हता.

"इनी इख दिन्हं ऱ्हातं," ती म्हणाली, "ते बरं व्हतं."