वादमूर्ती

दर गुरुवारी पूजा आटोपली की वामनराव तगारे मिरजेच्या वादगृहात जायचे, खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचे, कानाला यंत्र लावायचे आणि आपण स्वतः काय बोलतोय ते ऐकायचे.

म्हणजे बोलत ते नव्हतेच. बोलत होती त्यांची वादमूर्ती.

माणसाची पत्रं, फोनवरचं बोलणं, बैठकांतली खडाजंगी, हसणं, अडखळणं, सगळं यंत्राला पाजलं की त्याच्यासारखा विचार करणारी, त्याच्याच आवाजात बोलणारी एक प्रतिमा उभी राहते. ती वादमूर्ती. धंद्यातल्या कज्ज्यांचा अभ्यास करणाऱ्यांच्या लक्षात आलं होतं, की भांडण मूळ मुद्द्यावरून क्वचितच चिघळतं. चिघळतं ते मागाहून रागाच्या भरात बोललेल्या शब्दांवरून. म्हणून कायदा झाला. दावा दाखल झाला की दोन्ही पक्षांनी एकमेकांशी अवाक्षर बोलायचं नाही. भेट नाही, फोन नाही, कुणाहाती निरोपसुद्धा नाही. याला म्हणायचे मौनकलम. ते मोडलं की दावा गेलाच. काय बोलायचं ते मूर्तींनी बोलायचं. त्या दमत नाहीत, आणि तडजोड होईपर्यंत एकमेकींशी मनमोकळ्या गप्पा मारत राहतात. कारण गप्पांवाचून तडजोड होत नाही, हेही त्याच अभ्यासात निघालं होतं.

वामनरावांचा प्रतिपक्ष होता दत्तोबा लाटकर. तरुणपणापासूनचा दोस्त. वामनरावांच्या मांडीवर पखवाज आणि दत्तोबांच्या गळ्यात वीणा असली, की बुवांनी चाल धरायचा अवकाश, अख्खं देऊळ डोलायला लागायचं. त्या नादातूनच दोघांनी हार्मोनियमचा कारखाना काढला. पावसाळ्याच्या दमट हवेतही सूर न उतरणाऱ्या पितळी पट्ट्या बनवायची युक्ती दत्तोबांनी शोधली. माणसं, परवाने, विक्री वामनरावांनी सांभाळली. आणि भागीदारीचा करार? तो झाला एका काल्याच्या कीर्तनात. दोघांनी गळ्यातल्या तुळशीमाळा एकमेकांना घातल्या आणि म्हणाले, आता देवासमोर झालं, कागद कशाला काळा करायचा?

पुढे एका परदेशी कंपनीनं ती युक्ती मागितली तेव्हा वकिलानं साधा प्रश्न विचारला, "शोध कुणाच्या मालकीचा? लाटकरांचा की भागीदारीचा?" जो प्रश्न पहिल्याच दिवशी दोन ओळींत मिटला असता, त्याला आता उत्तरच नव्हतं. दत्तोबा म्हणाले, डोकं माझं. वामनराव म्हणाले, कारखाना दोघांचा. दोघंही मनापासून खरं बोलत होते. कारखान्याला कुलूप लागलं, आणि दोन गल्ल्यांच्या अंतरावर राहणारे दोन मित्र ऐन उमेदीत एकमेकांना कायमचे मुके झाले.

वामनरावांना मूलबाळ नव्हतं. पत्नी गेली तेव्हा दारात गर्दी झाली, पण ज्याच्या खांद्यावर डोकं टेकवायचं तो कायद्यानं येऊ शकत नव्हता. देवळात जाणंही त्यांनी सोडलं. तिथे दत्तोबा दिसला आणि तोंडून नुसतं 'विठ्ठल विठ्ठल' निघालं, तरी मौनकलम मोडलं असतं. उरला तो गुरुवार.

त्या दिवशी कानात दत्तोबांची मूर्ती खिदळत होती. "वामन्या, त्या वेळी बुवा अभंगाच्या मध्यावर थांबले, आणि तू एकटाच पखवाज बडवत सुटलास! लोकांना वाटलं, गरुडच आला पंख फडफडवत!"

"आणि तू वीणेआड तोंड लपवलंस, दगाबाज!" वामनरावांची मूर्ती म्हणाली.

वामनराव डोळे पुसत हसत होते, तेवढ्यात डॉक्टर हेमांगी सरंजामे समोर येऊन बसल्या. या मूर्ती घडवणाऱ्या शास्त्रज्ञ त्याच.

"तगारेकाका, तडजोडीचा मसुदा पुन्हा तयार झालाय. शोधावर नाव लाटकरांचं, वापराचा हक्क दोघांचा. याहून न्याय्य काही निघणार नाही. करताय सही?"

"नको. अजून जरा बोलू देत त्यांना."

"काका, खरं सांगा. मसुद्यात खोट आहे म्हणून नाही म्हणताय का?"

वामनराव चोरी पकडल्यासारखे ओशाळले. "सही केली की काय होतं, पोरी?"

"वाद मिटतो. मूर्ती बंद होतात."

"मग? गुरुवारी मी कुठं जाऊ?"

डॉक्टरांनी मसुदा बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "गेल्या खेपेला तुम्ही तयार झाला होतात, आठवतं? तापानं फणफणला होतात, म्हणालात मिटवून टाका. तेव्हा नकार तिकडून आला."

वामनराव खुर्चीत ताठ झाले. "दत्तूनं नाही म्हटलं? मसुदा त्याच्याच बाजूनं असून?"

"हो."

"म्हणजे तोही ऐकतोय!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "लबाड! तोही माझ्यासारखाच बसत असणार कान लावून. आणि मी इथं झुरतोय! अगं, मग या मूर्ती हव्यात कशाला? मिटलं की मौनकलमही संपलं. तडक त्याच्या दारात जातो आणि कडकडून भेटतो. आण तो कागद."

त्यांनी पेन उघडलं. डॉक्टरांनी हलकेच त्यांच्या हातावर हात ठेवला.

"सही करणाऱ्याला समोर कोण सही करणार हे सांगणं मला बंधनकारक आहे. तोवर सांगायला मनाई होती. काका, समोरून सही वारसांची असेल. लाटकर गेले. आषाढात."

बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. ती थांबेपर्यंत वामनराव खिडकीकडे बघत राहिले.

"मी दारं लावून बसलो. वर्तमानपत्र कधीच बंद केलं," ते जणू स्वतःलाच म्हणाले. मग वळले. "पण नकार तर त्यानंतरचा, परवाचा ना? तो कुणी दिला?"

"मूर्तीनं. साधं मुखत्यारपत्र माणसाबरोबर मरतं, पण वादमूर्तीचा अधिकार वाद मिटेपर्यंत राहतो. ती त्यांच्या मनाचा ठाव घेऊन चालते. लाटकर असते तर त्यांनी नाहीच म्हटलं असतं, असं तिला वाटलं."

"का?"

"ते ती सांगत नाही."

वामनरावांना मात्र कारण कळलं. त्यांनी विचारलं, "आता दत्तूच नाही, तर मौनकलम कसलं? मला बोलता येईल त्याच्याशी?"

"येईल. पण काका..."

ते ऐकायला थांबले नाहीत. मूर्तींची खोली लहानशी होती, दोन कोपऱ्यांत दोन ध्वनिपेट्या. कुठल्या चालीवरून तरी वाद रंगला होता. वामनरावांनी घसा खाकरला. बोलायलाच कुणी नसल्यानं आवाज पार घोगरा झाला होता.

"दत्तू, अरे मी आलोय. वामन."

बोलणं थांबलं.

"कोण?" दत्तोबांचा आवाज आला. तोच, ऐन उमेदीतला. "आजोबा, काहीतरी चुकतंय तुमचं. वामन हा काय माझ्यासमोर बसलाय."

दारातून डॉक्टर हळूच म्हणाल्या, "काका, दावा दाखल झाला तिथंच मूर्तीचं वय थांबलंय. त्यानंतरचे तुम्ही तिला ठाऊक नाही."

"दत्तू, तो नव्हे रे! तो यंत्र आहे. मी... आपण माळा बदलल्या होत्या!"

"ते तर सगळ्या गावाला ठाऊक आहे," दत्तोबा हसले.

"असू दे रे," दुसऱ्या कोपऱ्यातून वामनरावांचाच तरणा आवाज मायेनं म्हणाला. "म्हातारा माणूस आहे, एकटा दिसतोय. ऐकू दे त्यांना."

"बसा, माउली," दत्तोबा म्हणाले. "फक्त मध्ये बोलू नका."

वामनरावांनी हातातलं पेन मिटून खिशात ठेवलं, भिंतीचा आधार घेत फरशीवर मांडी घातली, आणि दोघं पुन्हा बोलायला लागेपर्यंत श्वाससुद्धा जपून घेतला.