मधला श्वास

ज्याने मातीच्या पुतळ्यात फुंकर घातली आणि जो ती एक दिवस हलकेच परत मागून घेतो, त्या विश्वंभराच्या चरणी आधी मस्तक ठेवते. वाणी त्याची, अडखळणे तेवढे माझे.

दिवा जरा जवळ घ्या. मी सांगते त्यात भिण्यासारखे फारसे नाही. ऐकताना तुमचे लक्ष स्वतःच्या श्वासाकडे जाईल, ते जाऊ द्या.

मी आणि माझी धाकटी जाऊ एका घरात म्हाताऱ्या झालो. दोघींचे यजमान गेले, मूल ना तिला ना मला. भांडायला आणि जपायला आम्हाला एकमेकींखेरीज कोणी उरले नव्हते. एके दिवशी दुपारी आम्ही औषधांच्या दुकानात गेलो, जाऊच्या खोकल्याची बाटली आणायला. आभाळ दाटून आले होते. दुकानदाराने बाटली काढण्यासाठी हात वर नेला, वळून जाऊच्या निळसर पडलेल्या ओठांकडे पाहिले आणि हात तसाच खाली घेतला. बाटलीऐवजी त्याने रुग्णवाहिका मागवली. जाऊ मात्र बाकावर बसून धापांतून मला ऐकवत होती, की बाटलीभर औषधासाठी एवढी मिरवणूक काढायला मी काही नवरी नाही.

रुग्णालयाचा तातडीचा कक्ष म्हणजे एक लांबट दालन होते. पडद्यांनी त्याचे लहान लहान भाग पाडलेले. आमच्या वाट्याला भिंतीकडचा भाग आला. स्पिरिटचा वास, प्राणवायूच्या नळीतल्या पाण्याची अखंड बुडबुड आणि डोक्यावर पांढरा दिवा. खाटेच्या एका बाजूला मी बसले; दुसऱ्या बाजूला एक रिकामे स्टूल होते.

डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, पण शब्द तोलून बोलत. क्ष-किरणांचे चित्र पाहून त्यांनी सांगितले, की दोन्ही फुप्फुसांत जंतुसंसर्ग उतरला आहे. अशा रुग्णाच्या जिवाला धोका किती, हे त्या पाच गोष्टींवरून जोखतात : वय, रक्तातला युरिया, रक्तदाब, भान आणि श्वासाची गती. बिघडलेल्या प्रत्येक गोष्टीला एक गुण. तीन गुण झाले, की रुग्णाला अतिदक्षता विभागात घ्यायचे. कमी भरले, तर साध्या वॉर्डात. वरच्या मजल्यावरच्या त्या विभागात खाट एकच मोकळी होती आणि ती उगाच अडवून ठेवता येत नव्हती. मी मनात म्हटले, देवा, जन्मभर गुण मिळवण्यासाठी माणसे धडपडतात आणि इथे ते न मिळावेत म्हणून तुला विनवायचे.

वयाचा एक गुण मिळालाच होता. रक्ताचा अहवाल आला आणि युरियाचाही मिळाला. रक्तदाब ठीक होता. मग भान तपासायला त्यांनी जाऊला वार विचारला, जागा विचारली. तिने दोन्ही बरोबर सांगितले. शेवटी माझ्याकडे बोट करून विचारले, या कोण?

"माझी मोठी जाऊ," ती प्राणवायूच्या मुखवट्याआडून म्हणाली. "दोन वर्षांनी मोठी आहे... आणि तेवढ्यावर जन्मभर मिरवते आहे."

डॉक्टरीणबाई हसल्या. भान शाबूत होते. आता सगळे श्वासावर आले होते.

यंत्राच्या पडद्यावर बावीस हा आकडा दिसत होता. तीस झाले असते तर तिसरा गुण. पण या बाईंना त्यांच्या गुरूंनी शिकवले होते, की श्वास यंत्राला विचारायचा नाही. छातीवर हात ठेवून पूर्ण मिनिटभर स्वतः मोजायचा. त्यांनी तळहात जाऊच्या छातीवर ठेवला आणि डोळे घड्याळावर लावले.

मिनिट संपले. त्यांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी पुन्हा मोजायला घेतले.

आता इथे मला थोडे मागे जावे लागेल. जाऊ नवी नवरी होऊन घरात आली, त्याच हिवाळ्यात तिला असाच छातीचा ताप भरला होता. सासूबाई आम्हा दोघींच्या मध्ये अंथरूण घालून निजत. त्यांच्या दाढेखाली सदा एक लवंग असे आणि पुढच्या दोन दातांत फट, त्यामुळे श्वास सोडताना शेवटी बारीक शीळ वाजे. त्या जाऊच्या छातीवर हात ठेवून सांगत, "तू सोडलास की मी घेते. मी सोडला की तू घे. म्हणजे मध्ये रिकामं राहत नाही." तो हिवाळा त्या दोघींनी एकीआड एक श्वास घेत काढला आणि जाऊ तगली. सासूबाईंना जाऊन पुष्कळ वर्षे झाली. संत सांगतात की देह हे भाड्याचे घर. पण कोणी कोणी घर सोडल्यावरही किल्ली जवळ ठेवत असावे.

तर त्या पडद्याआड, नळीची बुडबुड चालू असताना, मला लवंगेचा वास आला.

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. "आजी," त्या हळूच म्हणाल्या, "तुम्ही जरा श्वास रोखाल का? मला बहुतेक तुमचा ऐकू येतोय... मोजणं दुप्पट होतंय."

मी ओठ मिटले. श्वास आत कोंडून धरला. पांढऱ्या दिव्याखाली सगळे थांबल्यासारखे झाले. जाऊची छाती वर गेली, खाली आली. मग, जिथे तिचा विसावा असायला हवा होता तिथे, बाईंच्या हाताखाली ती पुन्हा उचलली गेली, हळुवार, आणि उतरताना त्या उताराच्या टोकाशी एक बारीक शीळ वाजली.

मुखवट्याआडून शीळ वाजत नाही, हे मलाही कळते.

डॉक्टरीणबाईंची नजर समोरच्या रिकाम्या स्टुलावर गेली. तिथेच थोडा वेळ राहिली.

माझ्या मनात आले, की या बाईंना खरे सांगावे. यातले निम्मे श्वास हिचे नाहीत, हिला नसलेला धोका तुम्ही मांडाल. मी तोंड उघडलेसुद्धा. तोच जाऊचे थंड बोट माझ्या मनगटावर टेकले. डोळे मिटलेलेच होते.

"राहू द्या, जाऊबाई," ती पुटपुटली. "मोजू दे त्यांना..."

बाईंनी मिनिट पुरे केले. हात काढला, तो क्षणभर दुसऱ्या हातात धरून ठेवला, जणू त्याला कोणाची ऊब लागली होती. मग परिचारिकेला म्हणाल्या, "श्वास चव्वेचाळीस. तीन गुण. वर न्या." परिचारिकेने यंत्राकडे बोट दाखवले. त्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "मी हातानं मोजलेत."

जाऊला वर नेले. बाहेरच्या बाकावर मी नाम घेत बसले. दिवेलागणीला आत धावपळ उठली. तिचा श्वास एकाएकी ढासळला होता. पण तिथे माणसे खाटेच्या कडेलाच उभी होती, यंत्रे उशाशी होती. घशात नळी घालून त्यांनी तिचा श्वास हाती घेतला. पुढे डॉक्टरीणबाई मला भेटायला आल्या, तेव्हा बराच वेळ भिंतीकडे पाहत बोलत होत्या. साध्या वॉर्डात असत्या तर धावत पोचेपर्यंत उशीर झाला असता, म्हणाल्या. आणि वर नेल्यावर त्यांनी स्वतः पुन्हा मोजले होते. तेव्हा बावीसच भरले.

"मग खाली मी काय मोजलं, आजी?"

मी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. म्हटले, "बाळ, जे मोजलंस ते बरोबर मोजलंस."

जाऊ सावकाश बरी झाली. घरी आणल्यावर पहिली तक्रार उशीबद्दल केली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. सासूबाईंविषयी मीच विषय काढला. ती म्हणाली, की त्या स्टुलावर बसल्या होत्या आणि त्या डॉक्टरीण पोरीचे त्यांना कौतुक वाटत होते. वर निघताना मात्र त्या सोबत आल्या नाहीत. "म्हणाल्या, तुझं झालं. आता कूस बदलते."

या बोलण्याचा अर्थ मी तेव्हा लावला नाही.

परवा दुपारी आम्ही दोघी जेवून आडव्या झालो होतो. मधे एका माणसाची जागा आम्ही अजून मोकळी ठेवतो, सवय आहे. मी डोळे मिटून मनात नाम घेत होते. थोड्या वेळाने जाऊ हसत म्हणाली, "जाऊबाई, झोपेत शीळ घालायला कधीपासून लागलात?"

मी जागी होते. आणि माझा श्वास तर मी नुकताच सोडला होता.

सासूबाईंनी कूस माझ्याकडे बदलली होती. मी उशी नीट केली आणि माझ्या बाजूची थोडी जागा, जेवढे सरकता आले तेवढे सरकून, मोकळी करून दिली.

देवा, हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला दीर्घ श्वास दे. ज्या घरी कोणाची छाती थकेल, तिथे कोणाचा तरी हात वेळेवर पोचू दे. आणि एकाने सोडला की दुसऱ्याने घ्यावा, अशी माणसे प्रत्येक उंबऱ्याआत नांदू देत. मध्ये रिकामे काही न राहो.