रोज सहा वाजताचा पाहुणा

बेल वाजली, दार उघडलं आणि भिंगरी कुत्रीने आपलं खानदानी काम सुरू केलं. तिचे आईबाप मालकिणीच्या मामाच्या शेतावर मेंढ्या वळायचे. इथे मेंढ्या नव्हत्या, म्हणून ती गिऱ्हाइकं वळायची. पँटची उंची कमी करून घ्यायला आलेल्या त्या तरुणाला तिने बघता बघता आरसा आणि इस्त्रीचं टेबल यांच्यामधल्या कोपऱ्यात नेऊन उभं केलं, वर टाचेला दातांनी एक चिमटाही काढला.

"हलू नका हं!" घरच्या पुढच्या खोलीत शिवणकामाचं दुकान चालवणारी मालकीण, तोंडातल्या टाचण्या सांभाळत ओरडली.

"हलतोय कुठे? इतक्या आग्रहाने मला कुणी कधी थांबवून घेतलं नव्हतं..."

त्याने हात छातीशी घेतले, तोंड भिंतीकडे फिरवलं आणि गप्प उभा राहिला. भिंगरी दोनदा भुंकली, गोंधळली आणि चक्क खाली बसली. मालकीण बघतच राहिली. आधी कुत्रीकडे, मग त्याच्या पाठीकडे... जरा जास्तच वेळ.

"माझ्या आजोबांकडे असलीच होती," तो म्हणाला. "हिला काम हवंय. बेल वाजली की सतरंजीवर जाऊन बसायचं, हेच काम द्या. बसली की खाऊ. पण सरावाला रोज एक पाहुणा लागेल."

"असा रिकामटेकडा पाहुणा आणू कुठून?"

"मी लिफ्ट दुरुस्त करतो. साडेपाचला सुटतो," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

तिने लगेच हो म्हटलं, कारण आईने बजावून ठेवलं होतं – पंधरा दिवसांत सुधारली नाही तर भिंगरी मामाकडे परत. आईचंही चुकत नव्हतं. गिऱ्हाइकं जिन्यातूनच "ती बांधलीय ना?" असं विचारू लागली होती. पण हे पिल्लू तिने बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं.

मग तो रोज सहाला यायचा. दहा वेळा बेल, दहा वेळा "जागेवर!", दहा वेळा उकडलेल्या कोंबडीचा तुकडा. नंतर चहा. चहा हळूहळू सरावापेक्षा लांबत गेला.

"आज शर्ट नवा दिसतोय."

"पाहुण्याने नीटनेटकं यावं... भिंगरीला आवडतं."

"तिने सांगितलं वाटतं?"

"तिची मालकीण काही सांगेना, मग काय करणार!"

पंधराव्या दिवशी शाळेच्या मुख्याध्यापिका कोटाचं माप द्यायला आल्या. "जागेवर!" ती म्हणाली. भिंगरी सतरंजी ओलांडून सुटली ती थेट बाईंच्या टाचांपाशी. बाई पडद्यामागे, पर्स जमिनीवर आणि आई कपाळाला हात लावून दारात.

"पंधरा दिवस काय केलंत दोघांनी?" बाई गेल्यावर आईने विचारलं.

ती माप घ्यायची टेप गुंडाळू लागली. तिला उत्तर चांगलंच ठाऊक होतं. चौथ्या दिवसापासून भिंगरी त्याची पावलं जिन्यातच ओळखत होती. तो तिच्या लेखी पाहुणा उरलाच नव्हता. दुसरं कुणीतरी बोलवायला हवं होतं. पण दुसरं कुणी आलं की याचं येणं थांबणार... म्हणून ती गप्प बसली, आणि त्यात भिंगरीचा बळी जाणार होता. तिला स्वतःची लाज वाटली.

सहाला तो आला तेव्हा तिने सगळं सांगून टाकलं.

"मला चौथ्या दिवशीच कळलं होतं. मी मुद्दाम बोलले नाही."

तो भिंगरीचे कान कुरवाळू लागला. "मला तिसऱ्या दिवशी," तो म्हणाला. "मला इथे यायचं होतं... तुमच्यासाठी. शहाणपणा मी शिकवत होतो, तेव्हा चूक माझी जास्त."

आईने हे आतून ऐकलं असावं. "आणखी आठ दिवस," ती बाहेर येऊन म्हणाली. "मग मी कुणाचं ऐकणार नाही."

दुसऱ्या दिवसापासून त्याने कामावरचे सगळे सोबती कामाला लावले. रोज नवा माणूस, नवी चप्पल, नवा आवाज. एकाने टोपी घातली, एकाने छत्री आणली, एक जण सारखा शिंकत होता. तो स्वतः आत, सतरंजीपाशी उकिडवा बसायचा, मालकिणीच्या शेजारी.

आठव्या दिवशी मुख्याध्यापिका पुन्हा आल्या, पर्स छातीशी धरून. बेल वाजली. भिंगरी सतरंजीवर गेली, थरथरली, कुंईकुंई करू लागली... आणि बसून राहिली. बाई आरशापर्यंत गेल्या तरी बसून राहिली. मालकिणीच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"शाबास!" बाई म्हणाल्या. मग त्यांचं लक्ष सतरंजीपाशी बसलेल्या माणसाकडे गेलं. "आणि हे कोण?"

"मी या माणसाशी लग्न करणार आहे," ती म्हणाली, आणि मग आपण काय बोललो ते तिला ऐकू आलं.

भिंगरी जागची हलली नाही. आई आणि तो मात्र एकदमच म्हणाले, "काय?"

मग तो हसायला लागला. कान पुन्हा लाल. "मी रविवारी विचारणार होतो," तो म्हणाला. "आईंना आधी विचारावं की तुम्हाला, एवढंच ठरत नव्हतं."