बर्फात मूठभर मीठ

"सॅम्पल द्यायचंय का, मॅडम?"

"नाही... बर्फ हवाय."

मे महिन्याची भर दुपार. समता कॉलनीतल्या त्या पॅथॉलॉजीच्या काउंटरवर मी थर्माकोलचा डबा आदळला आणि पलीकडचा टेक्निशियन माझ्याकडे बघतच राहिला. मेल्याचे डोळे हसरे होते, हे मला तेव्हाच दिसलं होतं. खोटं कशाला बोलू?

आमच्या प्रयोगशाळेची बर्फाची मशीन बंद पडली होती आणि माझं तर बर्फावाचून पान हलत नव्हतं. यशदीपनं (नाव खिशावर लिहिलेलं होतं) डबा भरून दिला. दुसऱ्या दिवशीही दिला. तिसऱ्या दिवशी बर्फ आधीच काढून ठेवलेला!

"इतक्या बर्फाचं करता काय, दीक्षा मॅडम?"

"डीएनएच्या इवल्याशा धाग्यावर चांदीचे मोजून दहा-बारा अणू बसवते. नीट बसले, तर दिव्याखाली लाल चमकतात."

"दहा अणूंत पैंजण नाही होणार."

"मागितलं कोणी?"

"मी तर उगाच माप पाहून राहिलो..." आणि तो काउंटरवरून वाकून चक्क माझे पाय बघायला लागला. मी डबा उचलला नि पळाले.

पण चमक काही येईना. पाच वेळा केलं, पाचही वेळा नळीत पांढरा गढूळपणा. मुळात मला दम धरवत नाही. जेवता जेवता उठायची, घरभर फेऱ्या मारायची, आईवर खेकसायची. शेवटी माझे मार्गदर्शक यज्ञेश्वर सर म्हणाले, "धागा एकाच वेळेपुरता उरलाय. शुक्रवारी जमलं नाही, तर वर्षभर पुण्याला जाऊन शिकून ये."

पुण्याला! तिथे यशदीप नव्हता. असं मनात आलं... आणि मग स्वतःचाच राग आला.

शुक्रवारी बर्फ घेऊन निघाले, तर सिग्नलला डबा गळायला लागला. डब्यातून मनगटावर आलेलं गार पाणी ओठाला लागलं — खारट! स्कूटी तशीच मागे वळवली.

"बर्फात मीठ काहून?"

"रोज टाकतो न, मूठभर. माझा मामा कुल्फीवाला, त्यानं शिकवलं. या गरमीत तुमच्या लॅबपर्यंत थंडगार राहिला पाहिजे न..."

"अहो, मिठानं चांदी फाटते, दुधासारखी! माझे ओले हातमोजे, याच बर्फात उघड्या नळ्या... एक थेंब पुरे झाला. पाच वेळा वाट लावली माझी!"

त्याचा चेहरा पार उतरला. त्यानं डबा धुतला, नुसता बर्फ भरला, स्वतःच्या ॲप्रनमध्ये गुंडाळला आणि पोटाशी धरून माझ्या मागे स्कूटीवर बसला. बाहेर अंग भाजणारी लू चालली होती. मी एकेक खड्डा चुकवत गाडी हाकली.

लॅबमध्ये पोचताच धाग्यावर चांदी घातली, नळी हलवली, अंधाऱ्या कपाटात ठेवली. आता दीड तास. बाहेरच्या बाकावर आम्ही दोघं. मी उठायची, बसायची, पुन्हा उठायची.

"बसा न. तुम्ही चालल्यानं लवकर नाही चमकणार."

"नाही चमकलं तर मी पुण्याला."

"आणि चमकलं तर?"

"इथेच. सोमवारी बर्फाची मशीनही दुरुस्त होतेय."

"अच्छा..." तो बोटं मोडत राहिला. "मग तर दोन्हीकडून माझं काम खतम."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पुढचा अर्धा तास मी उठले नाही.

वेळ झाली. खोलीत अंधार केला, अतिनील दिवा लावला... लाल! डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल. मी नळी यशदीपच्या हातात दिली. त्यानं ती दिव्याखाली फिरवून फिरवून पाहिली.

"लय सुंदर... बधाई हो, मॅडम. येतो मग."

"यशदीप—" नीट जुळवून बोलायचं होतं, पण माझ्याच्यानं धीर कुठला! "बर्फाचं जाऊ दे. मले तू पायजे."

त्यानं नळी दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि माझ्यापुढे केली.

"दीक्षा... पहिले हे पकड. सांडलं तर तू मले जिवंत नाही सोडणार."

मी नळी घेतली, स्टँडमध्ये ठेवली आणि त्याचे दोन्ही हात धरले. गार पडले होते.

"हव," तो म्हणाला. "मले बी तूच."